३०,००० मुसलमान जिझिया भरत होते आणि ८०,००० बिगरमुसलमानांना माफी? आकडा उलटा छापलाय का?

शुद्धिपत्र (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. मी मुद्रितशोधन करते. सध्या टेबलावर उमय्या खिलाफतीवरचं एक मराठी हस्तलिखित आहे. विषयातलं मला काही कळत नाही आणि माझ्या कामात ते कळायची गरजही नसते. ऱ्हस्व-दीर्घ, सनावळ्या, नावं सगळीकडे एकसारखी आहेत ना, एवढंच बघायचं. पण सनावळ्या बघता बघता माणूस वाचत जातोच. राज्य ६६१ ते ७५०, राजधानी दमास्कस, पहिला मुआविया, शेवटचा दुसरा मरवान, ६८०ला करबला. इथवर गाडी सुरळीत चालली होती.

मग एका पानावर अडले. मजकूर थोडक्यात असा: हिजरी १२१, म्हणजे इ.स. ७३९च्या सुमारास, खुरासानचा सुभेदार नस्र बिन सय्यार मर्वच्या मशिदीत भाषण करतो आणि करांबद्दलच्या तक्रारी मागवतो. पुढचा दुसरा शुक्रवार उजाडायच्या आत ३०,००० मुसलमान पुढे येतात, ज्यांच्याकडून जिझिया वसूल होत होता. शिवाय ८०,००० बिगरमुसलमान असे सापडतात, ज्यांच्या डोक्यावरून तो उतरवलेला होता.

शाळेपासून मला माहीत आहे की जिझिया हा मुसलमानी राज्यात बिगरमुसलमानांवरचा कर. मग हे आकडे एकमेकांच्या जागी पडलेत का? की 'मुसलमान' आणि 'बिगरमुसलमान' हे शब्दच उलटे झालेत? लेखकांना फोन करायला जीव धजावत नाही. मागच्या वेळी एक शंका विचारली तर "तुम्ही वेलांट्या बघा, मजकूर मी बघतो" असं ऐकून घेतलंय. समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून ठेवलंय. ते ठेवू की खोडू?

आणि वाक्य बरोबरच असेल, तर राज्य मुसलमानांचं असताना मुसलमानाकडून जिझिया घ्यायचा आणि दुसऱ्याला सोडायचं, हे कुठलं गणित?

मधलीसुट्टी:

शब्द उलटे झाले असणार, नक्की. नाहीतर सरळ आहे: उमय्ये पैशाचे लोभी होते. मिळेल त्याच्याकडून काढायचे. सगळे राजे सारखेच.

जमाखर्च:

शुद्धिपत्रताई, प्रश्नचिन्ह खोडा. आकडे बरोबर आहेत आणि शब्दही. तबरीच्या इतिहासात हा प्रसंग असाच येतो.

महसूल खात्यात ३४ वर्षं कारकुनी केली, त्यातली बरीचशी वसुलीच्या हिशेबावर. त्यामुळे हा उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्यात धर्म दिसायच्या आधी मागणी-वसुली-बाकीचा तक्ता दिसला. तसाच समजावून सांगतो.

अरब फौजा मर्वला पोचल्या ६५१मध्ये. तिथल्या सरहद्दप्रमुखाने लढण्याऐवजी तह केला: दर वर्षाला अमुक दिरहम आणि अमुक इतकं धान्य. ठोक रक्कम. ती कोणाकडून किती गोळा करायची हे अरबांनी ठरवलं नाही. त्यांना ते जमलंही नसतं. माणसं मूठभर, भाषा येत नव्हती, शेत कोणाचं आणि पाट कोणाचा हे ठाऊक नव्हतं. हे काम दिहकानांकडे राहिलं. दिहकान म्हणजे गावोगावचे जुने इराणी जमीनदार. आपल्याकडच्या पाटील-देशमुखांच्या जातकुळीतले म्हणा. सासानी बादशहा गेला, खलिफा आला, पण दारावर वसुलीला येणारा माणूस तोच.

आता या गावात एकाने कलमा पढला. गावाची ठोक रक्कम त्याने कमी झाली का? नाही. ती तहात बांधलेली. त्याचं नाव यादीतून काढलं तर त्याचा वाटा शेजाऱ्यांवर बसणार. शेजारी दिहकानाच्या दारात येऊन ओरडणार. आणि हा नवमुसलमान? तो आपल्या जुन्या समाजातून उठला, आता तो दिहकानाचा माणूस राहिला नाही. अरबांनी त्याला अजून आपला म्हटलेलं नाही. ज्याची बाजू घ्यायला कोणी नाही त्याच्यावर भार टाकणं सगळ्यात सोपं. ही गोष्ट कळायला खुरासानला जायची गरज नाही, माझ्या नोकरीत मयत खातेदारांच्या नावावरची थकबाकी वर्षानुवर्षं पुढे ओढलेली मी पाहिली आहे. मयताला तक्रार करता येत नाही.

म्हणजे ते ३०,००० जण का भरत होते ते झालं. ८०,००० जण का सुटले? कारण यादी ज्यांच्या हातात होती त्यांनी आपल्या माणसांना सोडलं. नस्रने भाषणात नावं घेऊन सांगितलं: बहरामसीस अग्निपूजकांचा कैवारी, तो त्यांचं ओझं मुसलमानांवर टाकत होता. ख्रिस्ती लोकांसाठी इश्बदाद आणि ज्यूंसाठी अकीबा हेच करत होते. तेव्हा मी आता मुसलमानांचा कैवारी, असं तो म्हणतो. मधलीसुट्टीसाहेब, यात खलिफाचा लोभ कुठे आला? दमास्कसला ठरलेली रक्कम दोन्ही तऱ्हांनी पोचतच होती. प्रश्न होता तो गावातल्या वाटपाचा.

नस्रने मग दोन खाती वेगळी केली. जमिनीचा सारा जमिनीवर, मालकाचा धर्म कोणताही असो. डोईपट्टी फक्त बिगरमुसलमानांवर. आज आपल्याला हे फार सरळ वाटतं, पण पहिल्या शंभर वर्षांत तसं ते स्वच्छ नव्हतं.

नस्र स्वतः तेव्हा सत्तरीच्या पुढचा. ७३८मध्ये हिशाम खलिफाने त्याला नेमलं, पण खुरासानात त्याचं अर्धं आयुष्य आधीच गेलं होतं. बाहेरून आलेल्या सुभेदाराला ही यादी वाचता आली नसती.

शुद्धिपत्र:

बापरे. खोडलं.

पण मग याआधी कोणालाच हे दिसलं नाही? ७३९ म्हणजे राज्य संपायला जेमतेम ११ वर्षं उरलेली. आणि आणखी एक: हस्तलिखितात 'मवाली' हा शब्द पानोपानी आहे. "मवाल्यांनी सैन्यात भरती होऊन..." वगैरे. पहिल्यांदा मी हसत सुटले. अरबी नसलेले नवमुसलमान असा अर्थ तळटीपेत दिलाय, पण नीट कळलं नाही.

खोटापैसा:

मवालीचं मी सांगतो. 'मौला' या अरबी शब्दाचं अनेकवचन. उमय्यांच्या काळात नुसतं मुसलमान होऊन भागत नसे, तुम्ही कुठल्या तरी अरब टोळीच्या आश्रयाला जाऊन तिचे 'मौला' व्हायचं. समाज टोळ्यांमध्ये बांधलेला होता आणि टोळीबाहेर माणसाला जागाच नव्हती. गुलामगिरीतून मुक्त झालेलाही मौलाच. त्यामुळे हा शब्द ऐकला की उच्चकुलीन अरबाची भुवई वर जायची.

माझा विषय नाणी. जमाखर्च म्हणतात ते 'दारावर येणारा माणूस तोच' हातात धरून बघायचं असेल तर त्या काळातला इराणी दिरहम बघा. एका बाजूला मुकुट घातलेला सासानी बादशहा दुसरा खुस्रो, जो ६२८मध्येच मारला गेला. दुसऱ्या बाजूला अग्निवेदी आणि तिच्या दोन्ही अंगांना उभे दोन सेवक. अरब सुभेदाराचं नाव पहलवी लिपीत. आणि कडेला बारीक अक्षरात अरबी 'बिस्मिल्लाह'. अग्निवेदी आणि बिस्मिल्लाह एकाच चांदीच्या चकतीवर, कोणाची काही तक्रार नाही. लोकांना ओळखीचं नाणं हवं असतं, बस. सीरियात असाच रोमी सोन्याचा सॉलिडस चालायचा.

अब्द अल-मलिकने (६८५–७०५) हे बदललं. आधी दोनतीन वर्षं स्वतःचं चित्र छापून पाहिलं: उभा खलिफा, कमरेला तलवार. मग तेही काढलं. हिजरी ७७मध्ये सोन्याचा दीनार निघाला, सुमारे ४.२५ ग्रॅमचा, त्यावर नुसती अक्षरं. दोन वर्षांनी तसाच चांदीचा दिरहम. दिरहमवर टांकसाळीचं गाव आणि साल असतं. आणि नाणी हाताळणाऱ्यांना अजून गंमत वाटते ती ही, की खलिफाचं नाव नाही! उमय्यांच्या या सुधारलेल्या सोन्याचांदीवर एकाही खलिफाचं नाव सापडत नाही. साल बघून कोणाचा काळ ते आपण ठरवायचं.

जमाखर्च:

खोटापैसा, हे नाव तुम्हाला शोभत नाही, खरं बोललात.

शुद्धिपत्रताई, आधी कोणाला दिसलं नाही असं नाही. दिसलं, हातही घातला आणि पोळलाही. तीन वेळा सांगतो.

पहिला हज्जाज. इराकचा सुभेदार, ६९४ ते ७१४, अब्द अल-मलिकचा उजवा हात. दजला-फुरातच्या मधली काळीभोर जमीन, तिला 'सवाद' म्हणत. तिथले शेतकरी मुसलमान होऊन नांगर सोडून बसरा-कूफा या छावणीशहरांत जायला लागले. शेत पडीक, सारा बुडाला. हज्जाजने त्यांना धरून परत गावी पाठवलं. इतिहासकार लिहितात की ज्याला ज्या गावाला पाठवायचं त्या गावाचं नाव त्याच्या हातावर गोंदवलं. हे लक्षात ठेवा, शेवटी याच्याकडे यायचंय. लोक रडत बसऱ्याबाहेर पडले, कुठे जायचं ते कळेना, आणि शहरातले धर्मपंडितही त्यांच्याबरोबर रडले म्हणतात. इब्न अल-अशअथचं मोठं बंड झालं त्यात हे पंडित आणि हे मवाली दोघेही होते. बंड मोडल्यावर हज्जाजने बसरा आणि कूफा दोन्हींच्या मध्ये वासित नावाचं नवं शहर वसवलं आणि त्यात सीरियन फौज ठेवली. इराक्यांवर भरवसा नाही हे त्याने विटा रचून सांगितलं.

दुसरा उमर बिन अब्दुल अझीझ, ७१७ ते ७२०. उमय्यांमध्ये याच एकाबद्दल पुढच्या पिढ्या बरं बोलल्या. त्याच्याकडे खुरासानातून तक्रार आली: २०,००० मवाली अरबांच्या खांद्याला खांदा लावून लढतात, त्यांना ना पगार ना शिधा, आणि तितकेच लोक मुसलमान होऊनही कर भरतात. खलिफाने हुकूम काढला, जो आपल्या किब्ल्याकडे तोंड करून नमाज पढतो त्याचा जिझिया माफ. लोक धडाधड मुसलमान व्हायला लागले. सुभेदार जर्राहला कोणीतरी सुचवलं की हे कर चुकवायला होतंय, सुंता झालीय का ते तपासा. उमरचं उत्तर प्रसिद्ध आहे: देवाने मुहंमदांना लोकांना बोलवायला पाठवलं होतं, सुंता करायला नव्हे. उत्तर सुंदर. पण अडीच वर्षांत खलिफाच गेला आणि हुकूम त्याच्यामागोमाग.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात बोलकी. ७२८, समरकंद. सुभेदार अश्रस याने अबू सैदा नावाच्या मवाल्याला धर्मप्रसाराला पाठवलं. अबू सैदाची अट एकच: जो मुसलमान होईल त्याचा जिझिया बंद. अश्रस हो म्हणाला. मशिदी उठायला लागल्या. मग समरकंदच्या राजाचं, घूरकचं, पत्र आलं की वसुली मोडली. आता अश्रस कागद फिरवतो. लिहितो, कर हे मुसलमानांचं बळ आहे. हे लोक मनापासून मुसलमान झालेले दिसत नाहीत. सुंता झालीय, नमाज करतो, कुराणातला एखादा सूरा वाचता येतो असा असेल त्यालाच सोडा. बुखाऱ्याचे दिहकान येऊन विचारतात, कर घेऊ कोणाकडून? सगळे लोक अरब झालेत!

'मुसलमान झालेत' नाही म्हणाले. 'अरब झालेत' म्हणाले. मी या एका शब्दावर बराच वेळ थांबलो होतो. त्या वेळच्या माणसाच्या डोक्यात धर्म बदलणं म्हणजे दुसऱ्या देवाला भजणं एवढंच नव्हतं, ते भरणाऱ्यांच्या यादीतून घेणाऱ्यांच्या यादीत जाणं होतं. कारण दुसरी यादीही होती ना. तिला 'दिवाण' म्हणत: टोळीवार अरब सैनिकांची नावं, प्रत्येकाला खजिन्यातून वार्षिक नेमणूक. एक शेतकरी खराखुरा 'अरब' झाला तर जमेच्या बाजूला एक नाव कमी आणि खर्चाच्या बाजूला एक वाढलं. असे दहा हजार झाले तर कुठल्याही खजिनदाराच्या तोंडचं पाणी पळेल.

अश्रसने माफी काढून घेतली. ७,००० सोग्दी, म्हणजे त्या भागातले मूळ रहिवासी, समरकंदबाहेर निघून तळ ठोकून बसले. अबू सैदा आणि काही अरब त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यांना तुरुंगात टाकलं. तुर्गेश तुर्क आले आणि वर्षभरात आमू दर्या नदीपलीकडचा बहुतेक मुलूख हातचा गेला. नस्रने ७३९मध्ये जे केलं ते या सगळ्या ठेचा खाल्ल्यावर.

ताम्रपट:

अवांतर, पण राहवत नाही. नदीपलीकडे हे चाललं होतं तेव्हा याच राज्याचं पूर्वेकडचं टोक आपल्या बाजूला सरकत होतं. नवसारीचा ताम्रपट, इ.स. ७३९. बदामीच्या चालुक्यांच्या लाट शाखेतला अवनिजनाश्रय पुलकेशी. 'ताजिक' सैन्याने सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य, गुर्जर यांना तुडवलं आणि दक्षिणापथात शिरायला ते नवसारीशी आले, तिथे याने त्यांना परतवलं. राजाने खूश होऊन पदव्या दिल्या. त्यातली 'अनिवर्तकनिवर्तयितृ', म्हणजे जे कधी परतत नाहीत त्यांना परतवणारा, मला फार आवडते. ताजिक म्हणजे हेच, उमय्यांच्या सिंध सुभ्याचे अरब.

सिंधमधून या मोहिमा सुरू करणारा जुनैद नंतर खुरासानलाच गेला. ७३१मध्ये समरकंदच्या वाटेवर खिंडीत सापडून त्याने हजारो माणसं गमावली. नवसारीच्या लढाईपर्यंत तो हयात नव्हता.

मधलीसुट्टी:

म्हणजे सिंध जिंकलं ते लुटीसाठीच ना? माझा लोभाचा मुद्दा अजून उभा आहे.

जमाखर्च:

उभा राहू द्या, तुमच्या बाजूने पुरावाही देतो. बलाझुरी हा अरबी इतिहासकार लिहितो की हज्जाजने सिंध मोहिमेचा हिशेब मांडला: खर्च ६ कोटी दिरहम, आलेली रक्कम १२ कोटी. राग शमला, ६ कोटी वर मिळाले आणि दाहिरचं (सिंधच्या राजाचं) डोकंही, असं तो म्हणाला. युद्धाचा ताळेबंद इतका कोरडा क्वचित वाचायला मिळतो. तेव्हा लोभ होता, आहे, असतो. पण लोभाने '३०,००० आणि ८०,०००' सुटत नाही, एवढंच माझं म्हणणं.

ताम्रपटांनी सिंध काढलंच आहे तर एका कारकुनाची गोष्ट सांगतो. माझ्या बिरादरीतला म्हणून मला तो जवळचा.

नाव सालेह बिन अब्दुर्रहमान. मवाली. बाप सिस्तानच्या लढाईत कैद होऊन आलेला. हा हज्जाजच्या कचेरीत जादानफर्रुख नावाच्या इराणी मुख्य कारकुनाच्या हाताखाली. इराकची दफ्तरं तोवर फारसीत होती, सीरियाची ग्रीकमध्ये. राज्य येऊन पन्नास वर्षं झाली तरी हिशेबाची भाषा बदलली नव्हती, कारण कारकून बदलले नव्हते. दमास्कसला खुद्द खलिफाचं महसूल खातं सरजून बिन मन्सूर या ख्रिस्ती माणसाकडे. अब्द अल-मलिकने नाण्यांबरोबर ही भाषाही बदलायचं ठरवलं. सीरियातल्या बदलाचं बलाझुरीने दिलेलं कारण ऐकून हसाल: एका ग्रीक कारकुनाला शाईत घालायला पाणी मिळेना, तर त्याने दौतीत लघवी केली. खलिफाच्या कानावर गेलं, त्याने कारकुनाला शिक्षा केली आणि दफ्तर अरबीत न्यायचा हुकूम सोडला. खरं कारण अर्थातच दौतीपेक्षा मोठं होतं, पण ज्याने ही गोष्ट रचली तो कचेरीत बसलेला माणूस होता हे मी शपथेवर सांगतो.

इराकात हे काम सालेहने अंगावर घेतलं. त्याला दोन्ही भाषा येत. जादानफर्रुखचा मुलगा मर्दानशाह त्याला विचारतो, दहाव्या-विसाव्या हिश्शाचे आमचे फारसी शब्द तू कसे लिहिणार? हा म्हणतो 'उश्र' आणि 'निस्फ उश्र'. इराणी कारकुनांनी त्याला एक लाख दिरहम देऊ केले: हज्जाजला सांग की जमत नाही. त्याने घेतले नाहीत. तेव्हा मर्दानशाह म्हणाला, तू फारसीची मुळी तोडलीस, देव तुझी जगातून मुळी तोडो.

(आपल्याकडे राज्यव्यवहारकोशाच्या वेळी उलट्या दिशेने असंच काहीसं झालं असेल का, हा विचार मनात येतोच. 'बाकी' आणि 'वसूल' तरीही राहिले ते राहिलेच.)

पुढे ७१४मध्ये हज्जाज मेला, ७१५मध्ये सुलेमान खलिफा झाला. हज्जाजने सुलेमानला डावलून आधीच्या खलिफाच्या, वलीदच्या, मुलाला गादी मिळावी म्हणून खटपट केली होती, त्यामुळे हज्जाजच्या गोतावळ्यावर संक्रांत. सिंध जिंकणारा मुहंमद बिन कासिम त्याच गोतातला. त्याला बेड्या घालून वासितला आणलं. आणि इराकच्या महसुलावर सुलेमानने बसवलं होतं कोणाला? या सालेहला. हज्जाजने सालेहच्या भावाला, आदमला, खारिजी (एका बंडखोर पंथाचा) म्हणून ठार केलं होतं. सालेहने मुहंमद बिन कासिमला आणि त्याच्या नातलगांना कैदेत छळ करून मारलं. दाहिरच्या मुलींनी सूड घेतला, कातड्यात शिवून पाठवलं, ही लोकप्रिय कथा चचनामात आहे आणि तो फारसी ग्रंथ तेराव्या शतकातला. बलाझुरी नवव्या शतकातला आणि त्याच्याकडे कातडं नाही, वासितचा तुरुंग आहे.

सिस्तानच्या कैद्याचा मुलगा इराकच्या खजिन्यावर बसतो आणि सिंधच्या विजेत्याचा जीव त्याच्या हातात येतो. मवाल्यांना वर जायची वाट नव्हती असं सरसकट कोणी म्हणालं की मला हा आठवतो. वाट होती. ती कचेरीतून जात होती.

शुद्धिपत्र:

मी दोन दिवस या धाग्यातून बाहेर आले नाहीये, आणि प्रकाशकांचा "झालं का?" असा निरोप येऊन गेलाय. दोनच शंका.

एक, हातावर गाव गोंदवल्याचं "शेवटी याच्याकडे यायचंय" म्हणालात आणि आलाच नाहीत. दोन, ही माझ्या कामाची: लेखकांनी तोच कर एकाच प्रकरणात कुठे 'जिझिया' आणि कुठे 'खराज' असा लिहिलाय. एका ठिकाणी तर 'डोक्यांवरचा खराज' आहे. माझ्या नियमाप्रमाणे मी सगळीकडे एकच शब्द करते. करू ना?

जमाखर्च:

दुसरं आधी. करू नका, हात जोडतो. जिझिया म्हणजे डोईपट्टी आणि खराज म्हणजे सारा ही वाटणी पुढे कायदेपंडितांनी पक्की केली. उमय्यांच्या काळात दोन्ही शब्द सैल होते, एकाच्या जागी दुसरा सर्रास यायचा. इजिप्तमध्ये त्या काळचे पपायरसचे मूळ कागद सापडलेत, सुभेदार कुर्रा बिन शरीकने (७०९–७१४) अफ्रोडिटो गावच्या बासिलिओसला लिहिलेली वसुलीची पत्रं, काही ग्रीकमध्ये, काही अरबीत. त्यांतही 'जिझिया' म्हणजे गावाकडून येणारा कर, फार बारकाव्यात न शिरता. तुमच्या लेखकांनी मूळ ग्रंथात जो शब्द आहे तोच ठेवलेला दिसतो. शब्द एक केलात तर नस्रने नक्की काय वेगळं केलं तेच वाचकाला कळणार नाही. समासात 'तसेच ठेवावे' लिहा.

आता पहिलं. नस्रने हिशेब सरळ केला, पण त्याचे आठच वर्षांत हाल झाले. खुरासानातले अरब आपसात फुटले होते, मुदर टोळ्या एका बाजूला, यमनी टोळ्या दुसऱ्या. ७४७च्या उन्हाळ्यात मर्वजवळच्या एका खेड्यात अबू मुस्लिमने अब्बासींच्या बाजूने काळी निशाणं उभारली. पुढच्या वर्षी नस्र मर्व सोडून पळाला आणि वाटेतच म्हातारपणाने-आजाराने गेला. ७५०मध्ये झाब नदीवर दुसरा मरवान हरला आणि दमास्कसचं राज्य संपलं. पुष्कळ जण लिहितात की हे पीडित मवाल्यांचं बंड. अर्धंच खरं, अबू मुस्लिमच्या बाजूला अरबही खूप होते आणि कराची तक्रार तर नस्रने बरीचशी मिटवली होती.

पण त्याच्या छावणीतली एक नोंद तबरीने दिली आहे. पगाराची यादी करायची वेळ आली तेव्हा अबू मुस्लिमने कारकुनाला सांगितलं: टोळी लिहू नकोस. माणसाचं नाव लिही, बापाचं नाव लिही आणि गाव लिही.

शुद्धिपत्र:

'तसेच ठेवावे' लिहिलं. पुढचं प्रकरण अब्बासी. तिथे बगदादचं स्पेलिंग चार प्रकारे आहे, पण ते माझं मी बघते.